एका घरातील अनेक वाहने आणि विम्याचा हिशेब

बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर काय किंवा घाटाखाली काय, अनेक कुटुंबांच्या दारात आज एकाहून अधिक वाहने दिसतात. एक मोटारसायकल शेतावर जाते, दुसरीवरून मुलगा चिखली किंवा खामगावच्या महाविद्यालयात जातो, काही घरी मोटारगाडीही असते. हप्त्यांचा भार वाढला, की जुन्या वाहनाचा विमा सोडून देण्याकडे कल होतो. बचतीचा हा मार्ग सर्वांत महाग ठरू शकतो. विम्याचा कोणता भाग वाहनागणिक आणि कोणता व्यक्तीगणिक, हे समजून घेतल्यास कायदा पाळूनही खर्च कमी करता येतो.

वाहनागणिक सक्ती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ अन्वये सार्वजनिक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या वाहनास तृतीय पक्षाचा, म्हणजे वाहनामुळे इजा पोहोचणाऱ्या इतरांसाठीचा विमा सक्तीचा आहे. १ जून २०२२ पासून अंमलात आलेल्या दरांनुसार ७५ ते १५० सीसी दुचाकीस वर्षाला ७१४ रुपये आणि १००० ते १५०० सीसी खाजगी मोटारीस ३,४१६ रुपये हप्ता ठरला. अशा दोन दुचाकी व एक मोटार असलेल्या घरास ४,८४४ रुपये पडतात, कर वेगळा. वाहने एकाच घरची म्हणून यात सवलत नाही.

हा हप्ता टाळल्यास २०१९ च्या सुधारणेनुसार पहिल्या अपराधास २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्याहून मोठा धोका नुकसानभरपाईचा आहे. अपघातात कोणी दगावल्यास मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवील ती रक्कम विम्याअभावी मालकाला भरावी लागते. ७१४ रुपयांच्या बचतीपायी शेती विकण्याची पाळी येऊ शकते.

व्यक्तीगणिक संरक्षण

वाहन चालविणाऱ्या मालकाचा वैयक्तिक अपघात विमा मात्र व्यक्तीशी निगडित आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याची रक्कम १५ लाख रुपये व वार्षिक हप्ता ७५० रुपये ठरविण्यात आला. १ जानेवारी २०१९ पासून तो स्वतंत्रपणे घेता येऊ लागला. एकाच मालकाच्या नावे तीन वाहने असली, तरी असा विमा एकदाच पुरतो. ७५० रुपयांच्या दराने तीनदा भरल्यास २,२५० रुपये होतात. म्हणजे १,५०० रुपये वाचतात. नूतनीकरणाच्या वेळी पहिले विमापत्र दाखविणे एवढेच आवश्यक असते.

येथे एक सावधगिरी हवी. हे संरक्षण नोंदणीकृत मालकाला, तोही वैध अनुज्ञप्तीधारक असल्यास मिळते. वडिलांच्या नावावरील दुचाकी चालविणाऱ्या मुलास ते लाभत नाही. त्याच्यासाठी वेगळा अपघात विमा घ्यावा.

ऐच्छिक भाग आणि मुदत

स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक आहे. दावा न केल्यास त्याच्या हप्त्यात २० ते ५० टक्के सूट मिळते. मात्र ती प्रत्येक वाहनाची वेगळी मोजली जाते आणि मुदत संपून ९० दिवसांत नूतनीकरण न केल्यास बुडते. एकाच मालकाच्या दुचाकी व खाजगी मोटारींना या भागासाठी एकत्रित संरक्षण देण्याची मुभा विमा नियामक प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये कंपन्यांना दिली.

१ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीचा तृतीय पक्ष विमा पाच वर्षांचा व मोटारीचा तीन वर्षांचा घ्यावा लागतो. त्यामुळे सर्वच विमा पाच वर्षांचा आहे असा समज होतो आणि पुढे अंतिम तारीखही विस्मरणात जाते.

ग्रामपंचायतींनी ग्रामसभेत व शिक्षकांनी पालकसभेत ही माहिती द्यावी. प्रत्येक घरी एका कागदावर वाहन क्रमांक, मालकाचे नाव, प्रत्यक्ष चालविणारी व्यक्ती आणि विम्याची अंतिम तारीख लिहून ठेवल्यास अनावश्यक हप्ता कोणता व राहून गेलेले संरक्षण कोणते, हे सहज ध्यानात येईल.