शिकाऊ कुत्रा आणि दुकानाचा दरवाजा

प्रश्न : मुलीच्या मदतीसाठी कुत्रा तयार करतोय. दुकानात नेता येईल का? (एक वाचक, कॅलिफोर्निया)

उत्तर : अमेरिकेचा 'एडीए' हा अपंगांच्या हक्कांचा केंद्रीय कायदा शिकून तयार झालेल्या कुत्र्यालाच प्रवेशाचा हक्क देतो, शिकाऊ त्यात बसत नाही. तिथे राज्याचा कायदा कामी येतो.

कॅलिफोर्नियात प्रशिक्षणासाठी अधिकृत असलेल्या व्यक्तीला शिकाऊ कुत्रा नेता येतो. पट्टा आणि स्थानिक यंत्रणेने दिलेला बिल्ला मात्र हवाच. नुकसान झाले तर भरपाईही त्या व्यक्तीच्याच माथी. ऑनलाइन मिळणाऱ्या झगमगीत जाकिटाला कायद्यात शून्य किंमत!

पिल्लाने आधी कुत्र्यांना मुभा असलेल्या दुकानात, गर्दी नसताना, शेजारून ट्रॉल्या खडखडत असताना पायाशी बसायला शिकावे. भुंकले किंवा शेल्फ हुंगू लागले, की बाहेर पडावे.

विमान कंपन्यांवर शिकाऊ कुत्रा नेण्याचे बंधन नाही. तिकिटाआधी विचारून घ्या.