रूळ गेले, वाट राहिली : ब्रिस्टल-बाथ सायकलमार्गाची गोष्ट

इयत्ता : ४ थी ते ७ वी
विषय : परिसर अभ्यास, भूगोल, सामान्य विज्ञान
घटक : वाहतूक, सार्वजनिक मालमत्ता, उतार व घर्षण



'वाहतुकीची साधने' हा पाठ आपण दरवर्षी शिकवतो. बैलगाडी, एस. टी., रेल्वे, विमान अशी यादी होते, चित्रं चिकटवली जातात आणि पाठ संपतो. पण एखादी रेल्वे बंद पडली तर तिच्या खालच्या जमिनीचं काय होतं? हा प्रश्न वर्गात टाकून बघा. मुलं बरंच काही सुचवतात : घरं बांधतील, शेती करतील, रूळ भंगारात विकतील. इंग्लंडमधल्या दोन शहरांनी या प्रश्नाचं जे उत्तर शोधलं, ते आजच्या पाठात पाहू.

आधी काय होतं?

ब्रिस्टल आणि बाथ ही इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातली शेजारची शहरं. ब्रिस्टलजवळ कोळशाच्या खाणी होत्या. तो कोळसा शहरात आणण्यासाठी १८३५ मध्ये रूळ टाकले गेले. त्यावरच्या गाड्या सुरुवातीला चक्क घोडे ओढायचे! पुढे वाफेची इंजिनं आली आणि १८६९ मध्ये मिडलँड रेल्वे कंपनीचा फाटा बाथपर्यंत पोहोचला.

नंतर मोटारी आणि ट्रक वाढले, रेल्वेचा तोटा वाढला. १९६३ मध्ये ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष डॉ. रिचर्ड बीचिंग यांनी एक अहवाल दिला. सुमारे ५,००० मैल लोहमार्ग आणि दोन हजारांहून जास्त स्थानकं बंद करावीत, असं त्यात होतं. या मार्गावरची प्रवासी गाडी १९६६ मध्ये थांबली. काही वर्षं मालगाडी चालली, मग तीही बंद झाली आणि रूळ उखडले गेले. उरली ती खडीची एक लांबलचक पट्टी, तिच्यावर वाढलेली झुडपं आणि ओस पडलेली स्थानकं.

वाट कुणी बांधली?

१९७७ मध्ये ब्रिस्टलमधल्या काही सायकलप्रेमींनी 'सायकलबॅग' नावाचा गट सुरू केला. हाच गट पुढे 'सस्ट्रान्स' या संस्थेच्या नावाने देशभर ओळखला गेला. जॉन ग्रिमशॉ हे त्यातले प्रमुख कार्यकर्ते. १९७९ मध्ये स्वयंसेवकांनी फावडी घेऊन बाथच्या बाजूचा सुमारे ५ मैलांचा पहिला तुकडा तयार केला. काम टप्प्याटप्प्याने पुढे सरकलं आणि १९८६ पर्यंत दोन्ही शहरं जोडली गेली. एकूण १३ मैल, म्हणजे साधारण २१ किलोमीटर.

आज ही वाट डांबरी आहे, रुंदी साधारण ३ मीटर. मोटारींना प्रवेश नाही. मुलं शाळेत जातात, माणसं कामावर जातात, आजीआजोबा फिरायला येतात, व्हीलचेअरही जाते. वाटेत स्टेपल हिलचा जवळपास अर्धा किलोमीटर लांबीचा जुना बोगदा आहे. मँगॉट्सफील्डला बंद स्थानकाच्या भिंती अजून उभ्या आहेत. बिटन स्थानकाजवळ हौशी मंडळींनी थोडा लोहमार्ग पुन्हा टाकून वाफेची गाडी चालू ठेवली आहे. तिथे एका बाजूला झुकझुक गाडी आणि शेजारून सायकली असं दृश्य दिसतं.

रेल्वेची वाट सायकलीला सोपी का?

हा भाग विज्ञानाच्या तासाला घ्यावा. रेल्वेचं चाक पोलादी आणि रूळही पोलादी, त्यामुळे घर्षण फार कमी. सपाटीवर हे फायद्याचं, कारण थोड्या ताकदीत खूप ओझं ओढता येतं. पण चढ आला की चाकं घसरायला लागतात. म्हणून रेल्वे बांधताना जिथे डोंगर आला तिथे तो खोदतात किंवा बोगदा पाडतात, खोलगट जागी भराव टाकतात आणि नदीवर पूल बांधतात.

आपल्या मुलांना कर्जत-लोणावळ्याचं उदाहरण द्या. बोरघाटात चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. एवढ्याशा चढालाही गाडीला मागून ढकलायला जादा 'बँकर' इंजिनं जोडावी लागतात! रस्त्यावर यापेक्षा जास्त चढ आपण सहज बघतो. ब्रिस्टल-बाथ वाट घाटातली नाही, ती बरीच सपाट आहे. आठ वर्षांचं मूलही तिथे दमछाक न होता सायकल चालवू शकतं. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या मजुरांच्या कष्टाचा हा फायदा आज मिळतोय.

वाटेवर आलेलं संकट

२००८ मध्ये ब्रिस्टलकडच्या भागात याच पट्टीवरून जलद बससेवा नेण्याचा प्रस्ताव आला. हजारो नागरिकांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या आणि वाटेवरून बस नेण्याचा विचार सोडून देण्यात आला. बसही लोकांच्याच सोयीची असते, त्यामुळे यात कुणी खलनायक नाही. पण एकाच पट्टीवर किती जणांचा हक्क असू शकतो, हे मुलांना इथे नीट कळतं.

वर्गात घ्यायच्या कृती

१. *उतार मोजा.* एक मीटर लांबीची फळी घ्या. एका टोकाखाली वह्या ठेवून ते २.७ सेंटीमीटर उचला. हा झाला बोरघाटाचा चढ. आता शाळेच्या रॅम्पचा चढ मोजून तुलना करा.

२. *दोरीचा खेळ.* २१ मुलं ओळीत उभी करा, प्रत्येक जण म्हणजे एक किलोमीटर. सगळ्यांच्या हातात एकच दोरी. पाणी भरलेली बाटली हातोहात पुढे द्यायची. मग मधल्या एका मुलाने म्हणायचं, "माझी जागा विकली!" आणि बाजूला व्हायचं. बाटली तिथेच अडते. २० किलोमीटर शाबूत असूनही वाट तुटली. मुलं हे विसरत नाहीत.

३. *चर्चा.* विदर्भातली यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही 'शकुंतला' नॅरोगेज आता बंद आहे. तिथल्या लोकांची मागणी ब्रॉडगेजची आहे. दोन गट करा : एक रेल्वेच्या बाजूने, दुसरा सायकलवाटेच्या बाजूने. शिक्षकांनी निकाल देऊ नये, कारणं फळ्यावर लिहावीत.

पाठाचा मुख्य मुद्दा

बंद रेल्वेच्या जागी सायकलवाटच हवी, असं हा पाठ सांगत नाही. ज्या गावाला रेल्वे हवी आहे, त्याला ती मिळायला हवी. मुद्दा त्या पट्टीचा आहे. ती अखंड राहिली तर उद्या वाट करता येते, परवा रेल्वे परत आणता येते, बिटनसारखं दोन्ही शेजारी ठेवता येतं. तुकडे पडून एकदा घरं, दुकानं झाली की मग सलग २१ किलोमीटर जागा नव्याने मिळवणं जवळपास अशक्य होतं.

पालकांनो, तुमच्या गावातही जुना पाणंद रस्ता, कालव्याकाठची वाट, बंद पडलेला फाटा असेल. या रविवारी मुलांना घेऊन त्यावरून चालून या. वाट कुठे अडते, कुणी अडवली, आधी तिथून कोण जायचं हे मुलांना घरातल्या मोठ्यांना विचारू द्या. मुलांनी काय टिपलं ते वहीत लिहून घ्या आणि आम्हालाही जरूर कळवा.