मेरी कोम : विजेतीचा वारसा कसा शिकवावा
(इयत्ता चौथी व पाचवीसाठी पाठ-मार्गदर्शन)

थोर खेळाडूंविषयीचे पाठ आपल्या वर्गांत बहुधा पदकांच्या यादीने सुरू होतात आणि त्या यादीबरोबरच संपतात. मुले यादी पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि उन्हाळ्याच्या सुटीत विसरून जातात. यास्तव प्रस्तुत पाठात शिक्षकबंधुभगिनींनी एकच प्रश्न केंद्रस्थानी ठेवावा : खेळाडू रिंगणाबाहेर पडतो तेव्हा मागे काय उरते? मणिपूरच्या मुष्टियोद्ध्या मेरी कोम यांचे चरित्र या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास विशेष उपयोगी आहे.

१. शिक्षकांसाठी माहिती

मेरी कोम यांचा जन्म मणिपूरमधील चुराचांदपूर जिल्ह्यात, कांगाथेई या खेड्यात झाला. आईवडील दुसऱ्याच्या शेतात राबत असत. १९९८ साली बँकॉक येथील आशियाई क्रीडास्पर्धेत मणिपूरच्याच डिंको सिंग यांनी मुष्टियुद्धात सुवर्णपदक मिळविले. त्या विजयाने मणिपूरच्या तरुणांत नवे चैतन्य आले आणि मेरी यांनीही हातमोजे चढविले. मुलीने ठोशांचा खेळ खेळावा हे वडिलांना रुचणार नाही, हे जाणून त्यांनी ही गोष्ट घरी सांगितली नाही. २००० साली त्यांनी राज्य स्पर्धा जिंकली, तेव्हा वर्तमानपत्रातील छायाचित्रावरून वडिलांना ती कळली.

त्या काळी स्त्रियांचे मुष्टियुद्ध ऑलिंपिकमध्ये नव्हते. स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धाच मुळी २००१ साली अमेरिकेत झाली. तीत मेरी अंतिम सामना हरल्या व त्यांना रौप्यपदक मिळाले. त्यानंतर २००२, २००५, २००६, २००८, २०१० आणि २०१८ अशी सहा वेळा त्यांनी जगज्जेतेपद मिळविले. २००७ साली त्यांना जुळे मुलगे झाले. तरीही पुढच्याच वर्षीचे जगज्जेतेपद त्यांनी सोडले नाही. सहावे जगज्जेतेपद तर पस्तिशी गाठल्यावरचे आहे.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या मुष्टियुद्धास प्रथमच स्थान मिळाले. मात्र तेथे तीनच वजनगट होते व त्यांतील सर्वांत कमी वजनाचा गट ५१ किलोचा होता. मेरी यांची आधीची जगज्जेतेपदे ४५ ते ४८ किलो गटांतील होती. त्यामुळे त्यांना अंगाने भारी प्रतिस्पर्ध्यांशी लढावे लागले. उपांत्य सामन्यात ब्रिटनच्या निकोला ॲडम्स यांच्याकडून त्या पराभूत झाल्या व कांस्यपदकाच्या मानकरी ठरल्या. तोल आणि पायांची चपळाई या खेळात हातांच्या बळाइतकीच महत्त्वाची असते, हे मुलांना येथे समजावून सांगावे. कुस्तीच्या आखाड्यात पाय रोवण्याचे महत्त्व आपल्या गावातील मुले जाणतातच.

२. उतरणीचा काळ

जुलै २०२१ मध्ये तोक्यो ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या वेळी मेरी कोम या भारताच्या दोन ध्वजवाहकांपैकी एक होत्या. परंतु पुढे कोलंबियाच्या प्रतिस्पर्धी खेळाडूने त्यांना पंचांच्या ३ विरुद्ध २ अशा निर्णयाने हरविले. जून २०२२ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेच्या निवडचाचणीत त्यांचा गुडघा दुखावला व त्यांना सामना अर्धवट सोडावा लागला. चाळिशीनंतर हौशी मुष्टियोद्ध्यास आंतरराष्ट्रीय सामन्यात उतरू न देणारा नियमही आड आला. जानेवारी २०२४ मध्ये आसाममधील दिब्रुगड येथे एका शाळेच्या कार्यक्रमात त्यांनी ही खंत बोलून दाखविली. खेळण्याची भूक आहे, पण वयाची अट आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. त्यावरून निवृत्तीच्या बातम्या पसरल्या आणि दुसऱ्याच दिवशी आपण निवृत्ती जाहीर केलेली नाही, असा खुलासा त्यांना करावा लागला. आयुष्यभर जे काम केले ते हातून सुटताना मन किती अडखळते, हे मुलांना यावरून कळेल.

३. वारसा कोठे पाहावा

आता पाठाच्या मुख्य प्रश्नाकडे वळावे. ज्या सामन्यात मेरी यांचा गुडघा दुखावला, त्यात समोर हरियाणाची तरुण मुष्टियोद्धी नीतू घंघास होती. तिने त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले आणि २०२३ साली ती जगज्जेतीही झाली. ज्या तोक्योत मेरी हरल्या, तेथेच आसामच्या लवलीना बोरगोहाईं हिने कांस्यपदक मिळविले. तेलंगणची निखत झरीन २०२२ व २०२३ साली जगज्जेती झाली. डिंको यांच्या विजयाने मेरी यांना वाट दिसली. त्या वाटेवर मेरी वीस वर्षे चालल्या म्हणून पुढच्या मुलींना ती मळलेली सापडली. मुलीने मुष्टियुद्ध खेळावे काय, हा प्रश्न या मुलींना तितक्या कठोरपणे कोणी विचारला नसेल. कारण त्याचे उत्तर आधीच दिले गेले होते.

येथे एक कटू प्रसंगही सांगावा. तो झाकून ठेवू नये. २०१९ साली ऑलिंपिक पात्रता स्पर्धेसाठी आपल्यालाही निवडचाचणीची संधी मिळावी, अशी मागणी निखतने जाहीरपणे केली. डिसेंबरमध्ये दिल्लीत चाचणी झाली; मेरी यांनी ती ९ विरुद्ध १ अशी सहज जिंकली, परंतु सामन्यानंतर त्यांनी निखतशी हस्तांदोलन केले नाही. थोर व्यक्तीचा दोष मुलांना सांगावा की नाही, अशी शंका काही शिक्षकांच्या मनात येईल. आमच्या मते तो अवश्य सांगावा. मात्र निंदेच्या सुरात नव्हे. निर्दोष मूर्तीपुढे मूल हात जोडते आणि पुढे जाते. चुकणाऱ्या आणि तरीही मोठ्या असणाऱ्या माणसाविषयी ते विचार करू लागते. शिवाय वारसदार नेहमी नम्रपणेच दारात उभा राहतो असे नाही. कधी तो आव्हान देत येतो. त्याला स्थान देणे हे जुन्या विजेत्यापुढील फार कठीण काम होय.

४. पाठ कसा घ्यावा

प्रारंभी फळ्यावर भारताचा नकाशा लावून मणिपूर, आसाम, तेलंगण व हरियाणा ही राज्ये मुलांकडून शोधून घ्यावीत. त्यानंतर वरील हकीकत गोष्टीच्या रूपाने सांगावी. वर्षे फळ्यावर एकाखाली एक लिहावीत व विजयाइतक्याच ठळक अक्षरांत पराभवही लिहावेत. वर्गात ठोसे मारण्याचा खेळ मात्र मुळीच घेऊ नये. त्याऐवजी मैदानावर जोड्या करून प्रतिस्पर्ध्याच्या खांद्याला हलकेच स्पर्श करणे व स्वतःचा खांदा चुकविणे, असा खेळ घ्यावा. मुलींना बघ्यांच्या रांगेत बसवू नये. पहिली जोडी मुलींचीच असावी.

५. चर्चेसाठी प्रश्न

(अ) मेरी कोम यांनी आपला खेळ घरी का सांगितला नाही? आज तुमच्या घरी अशी गोष्ट सांगता येईल काय?
(आ) लंडनमध्ये त्यांना कोणती विशेष अडचण आली?
(इ) हस्तांदोलनाच्या प्रसंगी तुम्ही मेरी यांच्या जागी असता तर काय केले असते? निखतच्या जागी असता तर?
(ई) आपल्या गावात कोणी एखादे काम प्रथम केले व पुढे इतरांना ते सोपे झाले, असे उदाहरण घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून पाच ओळींत लिहा.

शेवटच्या प्रश्नाची उत्तरे शिक्षकांनी काळजीपूर्वक वाचावीत. गावात पहिल्यांदा शाळेत गेलेली आजी, पहिल्यांदा सायकलवर बसलेली आत्या, पहिल्यांदा तालुक्याला शिकावयास गेलेला काका अशी माणसे त्यांत भेटतील. त्यांची नावे मुलांनी आपल्या अक्षरांत लिहिली म्हणजे पाठाचा हेतू सफल झाला असे समजावे.