गच्ची झाकण्याआधी एक उन्हाळा काढा

आमच्याकडे स्लॅबचं घर झालं की दोन-तीन वर्षांत त्यावर पत्रा चढतोच. महाडहून पोलादपूरकडे येताना महामार्गाच्या दोन्ही अंगांना बघा, घराघरावर निळे, तांबडे, हिरवे पत्रे दिसतील. पत्रा का टाकला, हे कुणी कुणाला विचारत नाही. मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

मी निवृत्त शिक्षक. गाव पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याकडे. 2016 साली जुनं कौलारू घर उतरवलं आणि स्लॅब टाकला. तिसऱ्या पावसाळ्यात माजघराच्या कोपऱ्यात ओल उतरली. फॅब्रिकेटरने टेप लावून गच्ची मोजली आणि म्हणाला, "गुरुजी, अख्खीच झाकून टाका. परत बघायला नको." सहाशे चौरस फूट गच्ची झाकली. झड आत येऊ नये म्हणून पश्चिमेची बाजूही पत्र्यानेच बंद केली. 2019 च्या मे महिन्यात काम पुरं झालं.

पहिला पावसाळा सुखाचा गेला. ओल थांबली, कपडे वर वाळू लागले, सरपणही कोरडं राहिलं. पुढच्या एप्रिलमध्ये मात्र हिशेब फिरला. लॉकडाऊनमुळे मुंबईची मुलं-नातवंडं घरी होती आणि रात्री सगळ्यांना गच्चीवर झोपायचं होतं. आमचा हा भाग समुद्रापासून आत, डोंगरांच्या कुशीत. इथं वारा पडला की जीव नकोसा होतो. याच रायगडातल्या भिऱ्याला मार्च 2017 मध्ये पारा 46.5 अंशांवर गेला होता. दिवसभर तापलेला पत्रा आणि त्यात पश्चिम बाजू बंद. रात्री नऊलाही वर भट्टी असायची. खरं सांगायचं तर खालच्या खोल्या थंड झाल्या होत्या, कारण स्लॅबला सावली मिळाली होती. पण गच्ची बसण्याजोगी उरली नव्हती. आई कुरडयांचं ताट घेऊन अंगणभर फिरत होती. मला म्हणाली, "बाळा, घराला छप्पर होतंच की रे. आता वाळवणाला ऊन कुठनं आणू?"

मग 3 जून 2020. निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आलं. आम्ही किनाऱ्यापासून लांब, म्हणून मी निर्धास्त होतो. दुपारी वारा उघड्या बाजूने आत शिरला, बंद पश्चिमेवर अडला आणि त्याने पत्रे खालून वर उचलले. सहा पत्रे गेले. एक शेजारच्या वाडीतल्या फणसाला अडकलेला सापडला. खाली कुणी नव्हतं, एवढंच दैव. वारा छपराला दाबतो असं आपल्याला वाटतं. हलकं छप्पर तो बहुधा उचलतो, आणि सर्वांत आधी कडा व कोपरे धरतो. माझे खांब कठड्याच्या विटांत बसवलेले होते आणि कडेचे हुक मधल्याइतकेच विरळ होते.

तरी शहाणपण आलं नाही. तेच पत्रे, फक्त हुक वाढवून, पुन्हा चढवले.

डोळे उघडले ते 22 जुलै 2021 ला. त्या दिवशी महाबळेश्वरला पाऊस नुसता कोसळत होता. सावित्री तिथूनच उगम पावते. महाड पाण्याखाली गेलं. तळिये गावावर दरड आली, आमच्या तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर आली. संध्याकाळी आम्ही घरात बसलो होतो. डोक्यावर सहाशे फूट पत्रा वाजत होता. शेजारी बसलेला बोलला तरी ऐकू येत नव्हतं. अचानक पुढच्या खिडकीवर बॅटरीचा झोत पडला. वाडीतला एक जण भिजून उभा होता. तो दहा मिनिटं दार ठोकत, हाका मारत होता. ओढ्याचं पाणी वर चढतंय, खालच्या घरातल्या माणसांना हलवायचंय, हे सांगायला आला होता. आमच्या ओढ्याचा आवाज बदलला की जुनी माणसं अंथरुणातून उठतात. मी माझ्या पैशांनी तो आवाज बंद केला होता. त्या रात्री वाडीत कुणाला काही झालं नाही, पण ती दहा मिनिटं मी अजून विसरलेलो नाही.

2022 मध्ये अर्धा पत्रा काढला. त्या अनुभवातून सांगतो.

कारण फक्त गळती असेल तर आधी स्लॅबचा कोबा, उतार आणि पाणी जायची भोकं तपासून घ्या. माझी ओल एका तुंबलेल्या पाइपाच्या तोंडाशी होती. ती दुरुस्ती पत्र्याच्या मानाने किरकोळ खर्चाची होती.

गच्ची वर्षभर कशाला लागते, हे घरातल्या बायकांना विचारा. पाऊस चार महिने असतो. मिरच्या, पापड, धान्य आणि उन्हाळ्यातली झोप यांना बाकीच्या आठ महिन्यांचं आभाळ लागतं. आगोटीची बेगमी उन्हावरच होते. जिना, पाण्याची टाकी आणि कपड्यांपुरती जागा झाकली तर बहुतेक घरांचं भागतं.

झाकायचंच असेल तर खांब कॉलमवर, जाड प्लेट आणि बोल्ट लावून उभे करा. कठड्याच्या विटांवर भरवसा ठेवू नका. कडेला आणि कोपऱ्यांना हुक दाट द्या. भोक पन्हळीच्या उंचवट्यावर पाडा, खोलगट भागात पाडलं तर पाणी तिथूनच झिरपतं. छप्पर उंच ठेवा आणि गरम हवा निघायला वर फट सोडा. झडीसाठी पत्र्याची भिंत करू नका. पावसाळ्यापुरती ताडपत्री बांधा आणि वादळाचा इशारा आला की सोडा. रबराचे वॉशर उन्हाने तडकतात, म्हणून दर मे महिन्यात वर चढून ते बघा.

पाण्याची वाटही आधी ठरवा. सहाशे चौरस फुटांवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर साडेपाच हजार लिटर पाणी एका कडेने उतरतं. माझं पाणी शेजाऱ्याच्या गोठ्यात जात होतं आणि त्यावरून वर्षभर आमचा अबोला होता. ग्रामपंचायतीची किंवा नगरपरिषदेची परवानगी लागते का, हेही आधीच विचारून घ्या.

महाड शहरात पूररेषेजवळ राहत असाल तर मात्र गच्चीचा थोडा भाग झाकलेला जरूर असू द्या. पुरात माणसं आणि चीजवस्तू वरच चढतात. पण बाजूने उघडा भागही ठेवा. वर कुणी अडकलं असेल तर ते बाहेरून दिसायला हवं.

हल्ली जोराचा पाऊस लागला की झोपण्याआधी मी जिन्याने वर जातो, छत्री उघडून उघड्या भागात उभा राहतो. ओढा नेहमीसारखा वाजतोय ना, हे ऐकतो आणि मग खाली येऊन दिवा मालवतो.