सोमवारचे मौन

मी अंबरनाथ पश्चिमेला राहतो. पहाटे घराबाहेर पडले, की भराभर चालणारी माणसे दिसतात. काही जण ऑर्डनन्स फॅक्टरीकडे जातात. पुष्कळजण स्टेशन गाठतात. येथून मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ६० किलोमीटर आहे. जायला दीड तास, यायला दीड तास. तुमच्यापैकी कित्येकांचे अब्बा याच गाडीने जात असतील.

गेल्या वर्षी नववीच्या वर्गात मी ‘मी’ या विषयावर दहा वाक्ये लिहायला सांगितली. नाव, वडिलांचे नाव, पत्ता, शाळा, तुकडी. पाचव्या वाक्यापाशी बहुतेकांच्या लेखण्या थांबल्या. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. “सर, तुम्ही लिहून दाखवा ना!”

मी खडू घेतला. नाव, वडिलांचे नाव, पत्ता, शिक्षण, नोकरी अशी पाच वाक्ये झाली. पुढे सुचेना. शिकवण्या, पेपर तपासणे, निवडणुकीचे काम, बाजारहाट, अशी कामे पुष्कळ आठवली. पण त्यांत मी कोठे होतो? तेवढ्यात घंटा झाली. सुटलो!

त्या रात्री मला गांधीजींचा सोमवार आठवला.

१९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहायला गेले. बुलढाणा जिल्ह्यातही एक शेगाव आहे. त्यामुळे टपालाचा घोटाळा होई. म्हणून १९४० मध्ये गांधीजींच्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. तेथे देशभरातून माणसे येत, पत्रे व तारा येत. तरीही दर सोमवारी गांधीजी बोलत नसत. काही सांगायचेच असले, तर कागदाच्या कपट्यावर लिहून देत.

१९४२ च्या जूनमध्ये लुई फिशर हे अमेरिकन पत्रकार सेवाग्रामला आठवडाभर राहिले. मौनाविषयी बोलणे निघाले, तेव्हा गांधीजींनी सरळ सांगितले, की तापलेल्या आगगाड्यांतला प्रवास, सभांमागून सभा, सतत बोलणे यांनी जीव मेटाकुटीला आला होता. आठवड्यातून एक दिवस विश्रांती हवी होती. मौनाला अध्यात्माचा पोशाख आपण नंतर चढवला, हेही त्यांनी कबूल केले. एवढा मोठा माणूस. पण थकलो होतो, हे सांगायला लाजला नाही!

तुम्ही म्हणाल, “सर, आमच्या एका खोलीत सहा माणसे राहतात. मौन पाळायचे कोठे?” खरे आहे. मलाही पूर्ण दिवस जमला नाही. मी रविवारी मगरिबनंतरचा अर्धा तास ठरवला. फोन बंद, पेपरांचा गठ्ठा बाजूला. पहिले दोन रविवार मी नुसते घड्याळ पाहिले. तिसऱ्या रविवारी कपाटाच्या तळाशी बोरूची लेखणी, आपला कलम, सापडली. लहानपणी आजोबांनी मला तख्तीवर खुशखत शिकवले होते. मी दौत उघडली व ‘अलिफ’ काढला. वाकडा आला. दुसरा काढला. तोही वाकडाच!

माझी मुलगी जवळ येऊन बसली. “अब्बा, तुम्हाला हे येते?”

“येत होते,” मी म्हणालो, आणि तिसरा अलिफ काढायला घेतला.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी फळ्यावर सहावे वाक्य लिहिले, ‘मला कलमाने लिहायला आवडते.’

मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, अजून चार राहिली!”