ओढ्यातील घर बांधणारी अळी : कॅडिस माशी ओळखावी कशी?



पावसाळा सरला आणि ओढ्याचे पाणी नितळ झाले, की पाण्यातला एखादा दगड उलटून बघा. दगडाला कधी वाळूच्या बारीक कणांची, कधी पानांच्या तुकड्यांची, तर कधी काड्यांची लहानशी नळी चिकटलेली आढळते. कचरा समजून आपण ती सोडून देतो. पण ती थोडा वेळ पाणी भरलेल्या पांढऱ्या बशीत ठेवावी. नळीच्या तोंडातून एक डोके आणि सहा पाय बाहेर येतात आणि नळी चक्क चालू लागते! ही कॅडिस माशीची अळी होय. हिला ओळखायचे कसे आणि हिचे शास्त्रीय वर्णन लिहायचे कसे, हे आज आपण शिकू.

१. कॅडिस माशी म्हणजे काय?

नाव माशी असले तरी ही घरमाशीच्या जातकुळीतली नाही. घरमाशीला पंख दोन, हिला चार. रात्री ओढ्याकाठच्या घरात दिव्यावर येते तेव्हा ही लहानशा तपकिरी पतंगासारखी दिसते. मग फरक कसा करायचा? पतंगाला बोट लावले की बोटाला भुकटी लागते. ती त्याच्या पंखांवरच्या खवल्यांची असते. कॅडिस माशीच्या पंखांवर खवल्यांऐवजी बारीक केस असतात. म्हणून तिच्या गणाला ‘ट्रायकॉप्टेरा’, म्हणजे केसाळ पंखांचे कीटक, असे ग्रीक शब्दांवरून नाव दिले आहे. बसताना ती पंख कौलारू छपरासारखे उतरते मिटते. डोक्यावरच्या मिशा लांब व दोऱ्यासारख्या असतात. फुलपाखराला असते तशी गुंडाळलेली सोंड हिला नसते.

या गणात जगभरात सोळा हजारांहून अधिक जाती माहीत झाल्या आहेत.

२. जीवनक्रम

मादी पाण्यात किंवा पाण्याकाठी चिकट गोळ्यात अंडी घालते. अंड्यातून अळी, अळीचा कोष आणि कोषातून पंखांची माशी, अशा चार अवस्था होतात. अळी पाण्यातच वाढते. तिच्या तोंडाखालून रेशमाचा धागा निघतो आणि तो पाण्यातही चिकटतो, बरं का! त्या धाग्याने ती वाळू, पाने, काड्या जोडून घर बांधते. अंग वाढले की घराच्या पुढच्या तोंडाला भर घालते. घरात बसून पोट हलवते, त्यामुळे ताजे पाणी आतून वाहते आणि तिला श्वास घेता येतो.

सगळ्याच अळ्या असे घर पाठीवर घेऊन हिंडत नाहीत. काही जाती दगडांच्या फटीत रेशमाचे जाळे विणतात आणि प्रवाहाबरोबर येणारे अन्न त्यात पकडतात. काही जाती घराशिवाय मोकळ्या हिंडून शिकार करतात.

३. अळी ओळखण्याच्या खुणा

अळी बशीत घ्या आणि भिंगातून क्रमाने पाहा.

(अ) डोके कठीण, पोट मऊ.
(आ) पुढच्या भागाला सहा पाय.
(इ) पोटाच्या शेवटी दोन आकडे. त्यांनी ती घराला घट्ट धरून राहते.
(ई) मागे लांब शेपट्या नाहीत. दोन किंवा तीन लांब शेपट्या दिसल्या, तर तो दुसराच जलकीटक समजावा.

डासाच्या अळीला पायच नसतात, म्हणून तिच्याशी घोटाळा होण्याचे कारण नाही.

४. शंख की घर?

घोटाळा होतो तो वेगळ्याच ठिकाणी. आयझॅक ली हे अमेरिकेतील शंख-शिंपल्यांचे नामवंत अभ्यासक. १८३४ साली त्यांनी गोड्या पाण्यातल्या एका नव्या गोगलगायीचे वर्णन प्रसिद्ध केले. ही गोगलगाय आपल्या शंखाला वाळूचे कण चिकटवून तो मजबूत करते, असे त्यांना वाटले. त्यांनी तिला दिलेल्या नावाचा अर्थही ‘वाळू वाहणारी’ असाच होता. पण ती गोगलगाय नव्हतीच! तो होता कॅडिस अळीने वाळूचे कण जोडून बांधलेला, शंखासारखा पिळदार वाडा. १८५६ साली फॉन झीबोल्ट या जर्मन शास्त्रज्ञाने अशा घराच्या कॅडिस माश्यांना ‘हेलिकोप्सायकी’ हे प्रजातीचे नाव दिले. या प्रजातीच्या माश्या भारतातही आहेत.

एवढा मोठा जाणकार फसला, तर आपण का फसणार नाही? यातून शिकायचे ते हे, की घर पाहून नाव देऊ नये; आत कोण राहते ते पाहावे. गोगलगायीला पायांच्या जोड्या नसतात, तिचा एकच मांसल पाय असतो. कॅडिस अळी सहा पायांनी चालते. घर रिकामे असेल तर भिंगातून पाहा. शंख एकसंध दिसतो, कॅडिसच्या घरात वाळूचा कण न् कण वेगळा दिसतो. आणखी एक परीक्षा आहे. रिकाम्या शंखावर लिंबाचा रस टाकला की बुडबुडे येतात, कारण शंख चुन्याचा असतो. आपल्याकडच्या काळ्या दगडाच्या वाळूचे घर बहुधा तसेच राहते.

५. जातीचे वर्णन कसे करतात?

‘लहान, तपकिरी, छान किडा’ असे लिहिले तर त्यावरून दुसऱ्या कोणाला तो किडा ओळखता येईल का? नाही. वर्णन असे हवे, की ज्याने तो पाहिला नाही त्यालाही ओळखता यावा.

शास्त्रज्ञ माशीची लांबी मिलिमीटरमध्ये मोजतात. पंखांतील शिरांची नक्षी, तोंडाजवळच्या स्पर्शकांचे सांधे, पायांवरचे काटे मोजतात. सर्वांत महत्त्वाचा असतो नराच्या पोटाचा शेवटचा भाग. दोन जाती बाहेरून अगदी सारख्या दिसल्या, तरी या भागाची घडण वेगळी असते. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे चित्र काढतात. नुसत्या अळीवरून पुष्कळदा नेमकी जात सांगता येत नाही. अळी पाळून तिची माशी होऊ देतात, किंवा हल्ली दोघींचा डीएनए जुळवून पाहतात.

नव्या जातीचा एक नमुना ‘मूळ नमुना’ म्हणून संग्रहालयात जपतात. त्याच्या चिठ्ठीवर ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचे नाव असते. आपल्या देशात हे काम करणारी भारतीय प्राणी सर्वेक्षण ही संस्था १९१६ साली स्थापन झाली. तिचे एक केंद्र पुण्यात आहे. जातीचे नाव दोन शब्दांचे असते : पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. उदाहरणार्थ, दक्षिण भारतातील एका कॅडिस माशीला १९८० साली ‘स्टेनोप्सायकी कोडाइकॅनालेन्सिस’ हे नाव मिळाले. नाव उच्चारायला अवघड खरे, पण त्यात कोडाईकॅनाल हे गावाचे नाव दडले आहे, पाहा!

६. याचा आपल्याला उपयोग काय?

पालक विचारतील, किड्याचे नाव कळून काय मिळणार? ऐका. या अळ्या ओढ्यात पडलेला पाला कुरतडून बारीक करतात, पाण्यातले कण गाळून खातात, आणि मासे या अळ्या खातात. यांतल्या बऱ्याच जातींना भरपूर प्राणवायूचे, स्वच्छ वाहते पाणी लागते. म्हणून नदी-ओढे तपासणारे शास्त्रज्ञ पाण्यात कोणते कीटक आहेत ते मोजतात. पाणी नासले की नाजूक जाती आधी नाहीशा होतात, सोशिक तेवढ्या उरतात. आपण सगळ्यांना नुसते ‘किडे’ म्हटले, तर कोण गेले आणि कोण उरले हे कळणार कसे?

मात्र एक लक्षात ठेवा. अळी दिसली म्हणजे पाणी पिण्यालायक झाले असे नाही. रोगजंतू भिंगातूनही दिसत नाहीत. पाणी उकळूनच प्यावे.

पालकांना नम्र विनंती : फवारणीचा पंप आणि औषधाचे डबे ओढ्यात धुऊ नयेत. पिकावरची कीड मारणारे औषध पाण्यातल्या या कीटकांनाही मारते. ओढ्यातली वाळू उपसली, काठची माती पाण्यात आली, तर दगडांच्या फटी बुजतात आणि त्यांची घरे जातात.

स्वाध्याय

(१) मोठ्या माणसाबरोबरच ओढ्यावर जा. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर उतरू नका.
(२) पाच दगड उलटून पाहा. पाहून झाल्यावर प्रत्येक दगड होता तसा ठेवा.
(३) सापडलेल्या एका घराची लांबी पट्टीने मोजा. आकार, रंग आणि कशाचे बांधले आहे ते लिहा. शेजारी चित्र काढा.
(४) ठिकाण, तारीख, वेळ आणि स्वतःचे नाव लिहायला विसरू नका.
(५) अळी घरातून ओढून काढू नका. पाहून झाले की तिला त्याच पाण्यात सोडा.

तुमचे वर्णन मित्राला वाचून दाखवा, चित्र मात्र झाकून ठेवा. ऐकून त्याने बरोबर तसेच चित्र काढले, तर तुमचे वर्णन उत्तम जमले असे समजा. असे कागद या फलकाच्या डाव्या बाजूला लावले जातील.