टेकडीची वाट आणि वस्तीच्या बाजूचे दार

या पानावर शुगर आणि बीपीबद्दल काहीही लिहिले की भगिनी हमखास एकच विचारतात: डॉक्टर चाला म्हणतात, पण चालायचे कुठे? प्रश्न अगदी बरोबर आहे. गल्ली चार फुटांची, तिच्यात मधोमध गटार, दोन्ही बाजूंना मोटारसायकली आणि पाण्याची पिंपे. मोठ्या रस्त्यावर जावे तर धूर.

पण आपल्या कितीतरी वस्त्या टेकडीच्या उतारावर किंवा शहरातल्या जंगलाच्या कडेला आहेत. पुण्याची जनता वसाहत पर्वतीच्या उतारावर आहे, वर चढले की पाचगाव पर्वतीचे वन आणि तळजाईचे पठार लागते. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने वस्त्याच वस्त्या आहेत. म्हणजे शहरातली सगळ्यात स्वच्छ हवा आपल्या घराच्या पाठीमागे आहे. तिचा फायदा मात्र गाडीतून येणारे घेतात.

अशा वनांत पायवाटा सुधारण्याची कामे अधूनमधून निघतात. काम निघाले की आपण विचारतो, फरशी कोणती, खर्च किती. मी म्हणते, आधी दार बघा. गाड्या लावायच्या बाजूला कमान, पाटी, पहारेकरी सगळे असते. वस्तीच्या बाजूला मात्र तारेचे कुंपण किंवा भिंत, आणि भिंतीला कोणीतरी पाडलेले भोक. त्या भोकातून साठ वर्षांची, गुडघे दुखणारी बाई रोज वाकून जाईल का? वळसा घालून मुख्य दाराशी जायलाच अर्धा तास लागणार असेल, तर ती घरीच बसते.

वाट आणि दार हा आपल्यासाठी साधा विषय कधीच नव्हता. १९२७ ला महाडला आपण पाण्यापर्यंत चालत गेलो. १९२९ ला पुण्यात याच पर्वतीवर मंदिर प्रवेशासाठी सत्याग्रह झाला आणि आपल्या माणसांनी दगड खाल्ले. आज देवळात जायची आपल्याला गरज उरलेली नाही. त्याच टेकडीवर सकाळी मोकळा श्वास घ्यायची गरज मात्र आहे, आणि ती मागताना संकोच कशाला?

चालणे तर आपल्या धम्मातच आहे. अंगुत्तर निकायात तथागतांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत: लांबच्या प्रवासाची ताकद येते, प्रयत्न करण्याची क्षमता वाढते, आजार कमी होतात, खाल्लेले नीट पचते आणि चालताना साधलेली एकाग्रता बराच काळ टिकते. बोधगयेला महाबोधी विहाराच्या उत्तर बाजूला तथागतांच्या चंक्रमणाची जागा आजही दाखवतात. आजचे वैद्यकशास्त्र आठवड्याला किमान १५० मिनिटे जरा जोरात चालायला सांगते. जोरात म्हणजे किती? चालताना बोलता आले पाहिजे, गाणे म्हणता येऊ नये, इतके. सलग वेळ मिळत नसेल तर तुकडे करा. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चालले तरी जेवणानंतर वाढणारी शुगर कमी चढते.

आता वाटेकडे येऊ. चढताना दम लागतो, पण गुडघ्यावर जास्त भार येतो तो उतरताना. म्हणून सरळ टेकडीवर चढणाऱ्या उंच पायऱ्या तरुण पोरांना ठीक, आपल्या बायांना नाही. वाट उताराला आडवी, वळणे घेत वर गेली पाहिजे. पायऱ्या करायच्याच असतील तर एक पायरी सहा इंचांपेक्षा उंच नको, पाऊल पूर्ण मावेल इतकी रुंद हवी, आणि धरायला दोन्ही बाजूंना कठडा हवा. चाकाच्या खुर्चीसाठी नियम असा आहे की एक फूट चढायला किमान बारा फूट लांबीचा उतार हवा. सगळी टेकडी अशी करता येणार नाही, तसा हट्टही धरू नये. उगाच डोंगर खोदला जाईल. पण वस्तीच्या दारापासून पायथ्याची एक सपाट फेरी तरी खुर्ची, काठी आणि बाळाची गाडी जाईल अशी करता येते. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा सार्वजनिक जागी ही सोय मागण्याचा अधिकार देतो. मोटारसायकली अडवायला लावलेले फिरते फाटक खुर्चीलाही अडवते, हेही कामाच्या वेळीच सांगावे लागते.

फरशीचा सोस मला पटत नाही. पेव्हर ब्लॉकवर पावसाळ्यात शेवाळ धरते आणि पाय घसरतो. म्हातारपणी खुब्याचे हाड मोडले की माणूस अंथरुणाला खिळतो. नीट दाबून बसवलेला मुरूम, पाणी वाटेवरून न वाहता बाजूला जाईल असे आडवे चर, आणि झाडांची मुळे श्वास घेतील अशी माती, एवढे पुष्कळ आहे. मात्र मुरूम दर पावसाळ्यानंतर पुन्हा भरावा लागतो, म्हणून देखभालीचा खर्च अंदाजपत्रकात आहे का ते बघा. थोड्या थोड्या अंतरावर सावलीत टेकायला बाक हवे.

आणि संडास. याविषयी सभेत कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. वाटेवर बायांसाठी संडास नसला की बाया निघताना पाणी पीत नाहीत आणि लघवी दाबून ठेवतात. त्यातून चक्कर येते, लघवीला जळजळ सुरू होते, मग औषधाचा खर्च. संडास आणि पिण्याचे पाणी हा वाटेचाच भाग आहे.

एक भीती मला ठाऊक आहे, ती बाजूला सारून चालणार नाही. वनाची सुधारणा म्हटले की वस्तीला वाटते, आता भिंत येणार, मग नोटीस. १९९७ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर बोरिवलीच्या उद्यानातली घरे मोठ्या प्रमाणावर पाडली गेली, ते लोक विसरलेले नाहीत. म्हणूनच नकाशा आधी बघायचा. माहितीच्या अधिकारात मंजूर नकाशा, अंदाजपत्रक आणि कामाचा आदेश मागता येतो. अर्जावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लागते, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही नाही. उत्तर तीस दिवसांत मिळायला हवे. जागा वन खात्याची असेल तर वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे, महापालिकेची असेल तर क्षेत्रीय कार्यालयात. आपल्या बाजूनेही काही पाळावे: वनात कचरा टाकू नये, उन्हाळ्यात वाळल्या गवताजवळ बिडी-काडी पेटवू नये.

चालायला निघणाऱ्यांसाठी थोडे. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशी पोटी जाऊ नये, खिशात गूळ किंवा साखर ठेवावी. घाम सुटून हात थरथरू लागले तर लगेच खावी. सपाता नकोत, मागून बंद असलेले बूट घाला आणि घरी आल्यावर तळवे बघा. शुगरवाल्याला काटा टोचलेला कळत नाही. छातीत दाब आला तर तिथेच बसा आणि १०८ ला फोन लावा. साप चावला तर बांधू नका, कापू नका, चोखू नका. हात किंवा पाय हलू न देता सरकारी दवाखाना गाठा.

विहारात रविवारी वंदना झाली की दहा-बाराजणी मिळून वस्तीच्या बाजूने टेकडीला एक फेरी मारा. सोबत मोजपट्टी आणि वही घ्या. दार किती रुंद, पायरी किती उंच, पहिला बाक किती पावलांवर, संडास कुठे, हे लिहून काढा आणि अर्जाला जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका.